एका चुलीचे नऊ जण

कोन, ता. पनवेल
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय भगवान,
सप्रेम नमस्कार.

तुझं दिवाळीचं कार्ड मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी राखून ठेवल्यासारखं. बावीस वर्षं शिरढोणच्या शाळेत आपण एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलो, पण तुझा तो 'श' मला कधी जमला नाही. तू लिहितोस, फोन करत जा. बाबा रे, तुझ्या डोंगरावर रेंज नाही आणि माझ्या कानात नाही. तेव्हा पोस्टमनला त्रास देणं भाग आहे.

कामाचं लिहितो. आमच्या हरेशने जाहीर केलंय की नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी चार दिवस डोंगरावरच्या एखाद्या फार्मवर राहायला जायचं. सगळे म्हणजे मी, सोनाबाई, हरेश-रंजिता, धनेश-विनिता आणि तीन पोरं. त्याने तीन जागा काढल्या आणि रोज रात्री जेवताना माझ्या ताटाशेजारी मोबाइल धरून त्यांचे फोटो दाखवतो. पहिल्या जागेत पोहायचा तलाव. डिसेंबरात डोंगरावर थंडीने दात वाजत असताना तलावात कोण उतरणार? दुसऱ्या जागेत तंबू. तीन मजल्यांचं घर बांधून मी तंबूत झोपायला जाणार नाही. तिसरी जागा बरी दिसली, झाडं आहेत, समोर दरी आहे. पण तिथे प्रत्येक जोडप्याला वेगळी कॉटेज, वेगळा ओटा, चहासुद्धा आपापला.

आणि तिथेच माझं डोकं फिरलं. तुला माझं घर ठाऊक आहे. मजले तीन चढवले, पण चूल खाली एकच ठेवली. वरच्या दोन्ही मजल्यांवर ओटे आहेत, त्यांवर टीव्हीची खोकी आणि पोरांच्या जुन्या सायकली पडल्यात. आमच्या आळीत एका चुलीवर जेवणारं घर आता माझं एकटं उरलंय. लग्नाकार्यात लोक बोट दाखवून सांगतात, ते गुरुजींचं घर.

आता ऐक. गेल्या महिन्यात धनेश वरच्या ओट्याला टेप लावून मापं घेत होता. मी विचारलं तर म्हणाला, सहज. मग गॅसवाला येऊन वर जाऊन आला. रंजिता आणि विनिता, दोघी जावा, काहीतरी बोलत असतात आणि मी आलो की गप्प होतात. मला ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, तरी गप्प होतात. म्हणजे बघ. मुलं वेगळी होणार, भगवान. उद्या चूल वेगळी, परवा दार वेगळं, तेरवा कळंबोलीला फ्लॅट. मग मी आणि सोनाबाई त्या तीन मजल्यांत झाडू मारत बसायचं.

म्हणून विचारतो. तुझ्या जावयाच्या घोड्यांच्या फार्मवर आम्हाला एकच मोठी खोली मिळेल का? नऊ अंथरुणं एका ओळीत पडतील एवढी. चार दिवस एका छपराखाली झोपले, एका ताटात जेवले, तर कदाचित त्यांचं मन बदलेल. मला दुसरा उपाय सुचत नाही.

तुझा,
दयाराम


उंबरदरा, माळशेजच्या वर
१७ नोव्हेंबर २०२५

प्रिय दयाराम,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसलो, दुसऱ्यांदा हसलो नाही.

जागा आहे. निनादने, म्हणजे आमच्या जावईबापूंनी, आठ घोडी सांभाळलीत. थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना पाठीवर घेऊन म्हातारी झालेली ही घोडी कोणाला नको होती, ती त्याने आणली. आता पोरं येतात, त्यांना गाजरं चारतात, एक फेरी मारतात. घोडी खूश, पोरं खूश, माझी लेक कीर्ती दिवसभर लीद काढून दमलेली. राहायला उतारावर चार नव्या खोल्या आहेत, गरम पाण्यासकट. आणि एक जुना दगडी तबेला आहे, तो धुऊन-पुसून हॉल केलाय. त्यात नऊ काय, पंधरा अंथरुणं पडतील. थंडी मात्र कडक आहे, पहाटे बादलीतल्या पाण्यात बोट घालवत नाही.

पण एक विचारू? मुलांना सरळ का विचारत नाहीस? वर्गात चाळीस पोरांना उभं करून "खरं सांगा" म्हणणारा तू, घरात दोघांना विचारायला घाबरतोस?

बाकी, मार्गशीर्ष संपल्यावरच या. इथे येऊन पोपटी लावू. सहा हिवाळे झाले, मी पोपटी खाल्लेली नाही. इथल्या लोकांना ती ठाऊकच नाही; शेंगा-कोंबडी भरलेलं मडकं उलटं ठेवून भोवती जाळ करतात म्हटलं तर माझ्याकडे दयेने बघतात.

तुझा,
भगवान


कोन
२३ नोव्हेंबर २०२५

प्रिय भगवान,

विचारत नाही, कारण विचारलं की उत्तर मिळतं. न विचारता अजून थोडे दिवस जातील.

हॉल नक्की कर. २६ ते २९ डिसेंबर. घरात मी तुझ्या फार्मचं नाव काढलं तर गंमत झाली, कोणीच नको म्हटलं नाही. सोनाबाई तर लगेच म्हणाली, तिथेच जाऊ. आता हरेश तुला खोल्यांसाठी पत्र टाकेल. त्याला कळव की चारही खोल्या भरल्यात, फक्त हॉल शिल्लक आहे. आयुष्यात एकदा खोटं बोल माझ्यासाठी. तपासणीच्या दिवशी हजेरी वाढवून दाखवायचास, तेव्हा नाही का बोललास?

दयाराम


कोन
२७ नोव्हेंबर २०२५

भगवानभाऊंना सोनाबाईचा नमस्कार.

मी रंजिता लिहितेय, आई सांगतात तसं, त्यांच्या बोलीतच. या पत्राला उत्तर पाठवू नका. घरी येणारी सगळी पत्रं बाबा उघडतात.

भाऊ, तुमच्याकडं यायचं ठरलं, लय बरं झालं. हॉल द्या, खोल्या द्या, मना काय फरक पडत नाय. मना फक्त एक जागा दावा, जिथं मी नि हे दोघंच असू नि आजूबाजूला कोन नसंल. मना ह्यांना एक गोष्ट सांगायची हाय. घरात सांगता येत नाय. हळू सांगितलं तर ह्यांना ऐकू जात नाय, नि मोठ्यानी सांगितलं का सगल्या आलीला ऐकू जाते. मशीन दिलंय कानाचं, ते घालत नायत. म्हनून मीच हरेशला बोल्ले, डोंगरावर ने.

गोष्ट अशी हाय, का मी दमले. नऊ मानसांचं दोन वेलचं जेवान. सकाली तीस भाकऱ्या. गुडघं सुजतात. मना वेगली चूल पायजे, माझी नि ह्यांची. पोरांनी वर आपापलं रांधावं. मीच धनेशला ओटा मापायला सांगितला. पोरं घाबरतात, का बाबांना वाटंल आमी घर फोडतो. ह्यांना सांगायचं कसं, वरीस झालं इचार करते. तुमी ह्यांचे जुने दोस्त, म्हनून तुमाला सांगितलं.

सोनाबाई

भगवानकाका, आता माझं दोन ओळी. आम्ही दोघी जावा स्वयंपाक करतो म्हटलं तर आईंना चुलीजवळून उठवत नाही. आणि कधी उठल्याच, तर पहिल्याच घासाला बाबा विचारतात, "आज कोणी केलंय?" मग आई दुसऱ्या दिवशी पुन्हा पिठात हात घालतात. हे आमच्या तोंडून बाबांना कळलं तर आम्ही सुनांनी कान भरले असंच होईल. ते आईंनीच सांगायला हवं. कृपा करून हे पत्र कोणाला दाखवू नका.

आपली,
रंजिता


उंबरदरा
५ डिसेंबर २०२५

प्रिय दयाराम,

हॉल नक्की केला. हरेशला कळवलं की खोल्या भरल्यात. तुला शोभेल असं खोटं आहे ते. निनाद विचारत होता, चारही खोल्या मोकळ्या असताना पाहुण्यांना तबेल्यात का झोपवायचं? मी म्हटलं, हा शिक्षकांचा मामला आहे.

येताना दोन मडकी, पाच-सहा किलो वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला भरपूर आण. पाला ओल्या गोणपाटात गुंडाळ, नाहीतर गाडीत सुकेल. ओवा विसरू नकोस. कोंबडी इथे मिळेल.

आणखी एक. तबेल्याच्या मागून पाऊलवाट वर माळावर जाते. तिथे दुपारी घोडी चरतात, दुसरं कोणी नसतं. सोनावहिनींना आवर्जून सांग, की तिथे कितीही मोठ्याने बोललं तरी ऐकायला फक्त घोडी असतात. तूही जा त्यांच्यासोबत. गुडघे दुखत असतील तरी जा, चढ फार नाही.

तुझा,
भगवान


उंबरदरा
बुधवार, ३१ डिसेंबर २०२५

प्रिय दयाराम,

परवा सकाळी तू गाडीत बसलास, काच वर केलीस आणि हातसुद्धा हलवला नाहीस. तेव्हापासून मला चैन नाही.

माझा गुन्हा कबूल करतो. नोव्हेंबरात वहिनींचं मला पत्र आलं होतं. त्यात त्यांनी सगळं सांगितलं होतं. मी तुला कळवलं नाही, कारण ते कळवायचा हक्क त्यांचा होता. माळाची वाट मी त्यांच्यासाठी लिहिली, तुझ्यासाठी नाही. तुला राग माझा आला असेल तर माझ्यावर काढ, घरात कोणावर काढू नकोस.

आणखी एक चूक झाली, तीही सांगतो. माळावर बोललेलं फक्त घोड्यांना ऐकू जातं असं मी लिहिलं, ते साफ चुकीचं निघालं. त्या दिवशी खाली आम्ही पोपटी लावली होती. हरेशने मडक्यात शेंगा, अंडी, कोंबडी भरली, तोंडाशी पाला दाबला, धनेशने मडकं उलटं घातलं, निनादने पेंढा पेटवला. आणि वरून तुझा आवाज आला, "कोणी शिकवलं तुला हे?" वारा खालच्या बाजूला होता. त्यानंतर वहिनींचंही अर्धं-अधिक आम्हाला ऐकू आलं. हरेश काठी हातात धरून उभाच राहिला. रंजिता आणि विनिता एकमेकींचा हात धरून बसल्या. मडक्यावर पाणी शिंपडून शिजलंय का ते बघायचं कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही. तुम्ही दोघं उतरून आलात तेव्हा आम्ही सगळे आगीकडे बघत होतो, जणू आयुष्यात पहिल्यांदा आग बघतोय. खालच्या शेंगा करपल्या त्या त्यामुळे.

तू मुकाट्याने जेवलास. त्या दिवशी बोलला नाहीस, दुसऱ्या दिवशी बोलला नाहीस. वहिनी मात्र जाताना कीर्तीला म्हणाल्या की मोकळं वाटतंय. एवढ्यावर मी कसाबसा दिवस काढतोय. दोन ओळी टाक. शिव्या असल्या तरी चालतील.

तुझा,
भगवान


कोन
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय भगवान,

शिव्या देणार होतो, पण तुझं पत्र येईपर्यंत राग उरला नाही. खरं तर राग नव्हताच. काच वर केली ती थंडीमुळे, आणि हात हलवला नाही तो लाजेने. सगळं सविस्तर लिहितो, कारण तुम्ही खालून अर्धंच ऐकलंत आणि नेमकं महत्त्वाचं तेवढं वाऱ्यावर गेलं असणार.

त्या दुपारी सोनाबाईने मला माळावर नेलं. एका दगडावर बसवलं आणि माझ्या उजव्या कानाच्या बाजूला येऊन बसली, तो जरा बरा आहे म्हणून. मला वाटलं, हिलाही मुलांचं कळलंय आणि आता ही रडणार. मी तिची समजूत काढायची तयारी केली. तर ती म्हणाली, "मना आता दोघांचाच भात रांधायचा हाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि मी ओरडलो. कोणी शिकवलं, कोणी कान भरले, असं काय काय बोललो. सुनांची नावंही घेतली.  माझं झाल्यावर ती म्हणाली, "सुनांचं नाव घेऊ नका. मी सांगते. तुमी अठ्ठावनाव्या वरसाला शालेतून सुटलात. तवा हार घातला, फोटो काढला, गावजेवान घातलं. ते जेवानपन मीच रांधलं. मी कवा सुटायची?"

भगवान, मी चौतीस वर्षं शिकवलं. पोरांनी विचारलेल्या प्रश्नाला मला उत्तर आलं नाही असं क्वचितच झालं असेल. तिथे मात्र समोर तुझं ते पांढरं घोडं चरत होतं, त्याच्याकडे बघत बसलो.

मग मी एवढंच विचारलं की मुलं घर सोडून जाणार आहेत का. ती म्हणाली, कुठं जातात, वरच तर राहतात, रोज खाली येऊन बसतील, फक्त जेवून येतील.  दोन-तीन महिने मी रात्री जागून ज्याची भीती बाळगली, ते होणारच नव्हतं. घर कुठेही जात नव्हतं. मी तिला म्हटलं, एवढंच होतं तर आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगितलं. दोनदा सांगितलं. तुमी हां हां बोल्लात."

मी हां हां म्हटलं असेल. ऐकू आलं नाही की मी हां म्हणतो, तुला ठाऊक आहे. शाळेतही म्हणायचो. मशीन घातलं की भांड्यांचा आवाज डोक्यात जातो, म्हणून काढून ठेवलं होतं. तिचा आवाजही त्याच्यासोबत काढून ठेवला, हे ध्यानात आलं नाही.

म्हणून दोन दिवस गप्प होतो. रागावलेला माणूस आणि लाजलेला माणूस बाहेरून सारखेच दिसतात. एका चुलीचं घर म्हणून मी गावभर मिरवलो, आणि त्या चुलीपुढे बसली होती ती. मी तर संसाराच्या चव्वेचाळीस वर्षांत चहासुद्धा केला नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी मी स्वतः वर गेलो आणि दोन्ही ओट्यांवरची खोकी खाली उतरवली. हरेश धावत आला, बाबा काय करताय, तर म्हटलं, ओटा मोकळा करतोय, दिसत नाही का? धनेशच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा मोठा बाप्या, पोर्टवर दिवसभर माणसांवर ओरडणारा. मी रंजिताला म्हटलं, लोक विचारतील तर सांग, सासऱ्याने वेगळं काढलं. ती खाली वाकून पाया पडायला लागली, मी तिला ओरडलो. गेल्या रविवारी गॅस जोडून झाला. त्या रात्री आम्ही दोघं विनिताकडे पाहुणे म्हणून जेवायला गेलो, आपल्याच घराचे जिने चढून. कालवणात मीठ जास्त होतं. मी काही बोललो नाही आणि कोणी केलंय तेही विचारलं नाही.

सोनाबाई सात वाजेपर्यंत झोपते हल्ली. पहिल्या दिवशी मी दोनदा जाऊन तिचा श्वास चालू आहे का बघून आलो. आळीतल्या बायका विचारून गेल्या, काय गुरुजी, चुली वेगळ्या झाल्या म्हणे? मी म्हटलं, हो, आमची बाई सेवानिवृत्त झाली.

आता आजची गोष्ट सांगतो आणि पत्र पुरं करतो. सकाळी तिने मला विचारलं, आज काय करू? एवढ्या वर्षांत हे तिने कधी मला विचारलं नव्हतं. नऊ माणसांच्या घरात कोणाला विचारून रांधत नाहीत. मी म्हटलं, रविवार आहे, सुकट कर, लाल तिखट घालून. ती बरं म्हणून उठली. मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, तुला काय पाहिजे?

ती पिठाचा डबा घेऊन तशीच उभी राहिली. काहीतरी बोलली असेल आणि मला ऐकू आलं नसेल, असं समजून मी खिशातून मशीन काढून कानात घातलं. ती बोलली नव्हती, विचार करत होती. मग म्हणाली, "मना सुकट आवडत नाय. कदीच नाय आवडली. वाससुदिक नको वाटते."

चव्वेचाळीस वर्षं, भगवान. दर रविवारी ती सुकट भाजत होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं आणि ती हसायला लागली. इतकी हसली की वरून विनिता काय झालं म्हणून धावत आली. आम्ही बटाट्याची भाजी केली. भाकऱ्या चार. दोन तिने थापल्या, दोन मी थापल्या. माझ्या एका बाजूने जाड झाल्या आणि कडा फाटल्या. त्या दोन तिने खाल्ल्या.

तुझा,
दयाराम